मुठीचं माप

पहाटे ५.३५

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अजून एकही लेथ सुरू झालेला नाही. जानेवारीचा गारठा आहे. ताई स्कूटर लावतात, डिकीतून किल्ल्या काढतात, लोखंडी जिना चढतात. खाली टर्निंगचं वर्कशॉप, वर त्यांची एअर पिस्तूल रेंज. पन्नास फूट लांब, अठरा फूट रुंद, सहा लेन. भाडं महिना १४,०००. नऊ वाजता खालचा पॉवर प्रेस सुरू झाला की फरशी हादरते, म्हणून मालकाने दोन हजार सोडले. ताईंना हा सौदा दोन्हीकडून फायद्याचा वाटतो. "प्रेसच्या धडधडीत ज्याचा हात टिकला, त्याला मॅचमध्ये कशाचा त्रास होणार?"

कपाट लोखंडी, दोन कुलपांचं. आत क्लबची चार पिस्तुलं. दोन रशियन, जुनी, नळीखालचा लांब दांडा ओढून हवा भरायची. एक ऑस्ट्रियन आणि एक स्विस, सिलिंडरवर चालणारी. ताई आधी मोजतात, मग प्रत्येकाच्या नळीत केशरी दोरा ओवतात. दोरा आरपार दिसला म्हणजे नळीत छर्रा नाही. हे काम झाल्याशिवाय दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, असा त्यांचा स्वतःपुरता नियम आहे. मोबाइलच्या उजेडात दोरे ओवले जातात.

सकाळी ६.००

पहिली बॅच. पाच मुलं, स्वेटर घातलेली, दोघांच्या डोळ्यांत झोप. फी महिना २,५००. छर्रे ज्याचे त्याने आणायचे. सरावाच्या छर्ऱ्यांचा पाचशेचा डबा ७५० ला पडतो. रोज चाळीस झाडले तर साठ रुपये. आईबाप हा हिशेब पहिल्याच आठवड्यात करतात. म्हणून पहिली वीस मिनिटं छर्रा नाहीच. पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून नुसता नेम, नुसता ट्रिगर. रेंजवर याला 'ड्राय' म्हणतात. पैसे लागत नाहीत, आणि हात यातच बसतो.

मग दहा मीटरवरचे कागद लागतात. काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा, त्यातलं दहाचं वर्तुळ ११.५ चं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एका हाताने धरायचं, दुसरा हात खिशात. आधार कशाचाही नाही. आवाज म्हणाल तर 'ठप्प', बस. सिनेमा बघून आलेले पाहुणे या आवाजाने हिरमुसतात.

बारा वर्षांची एक मुलगी ऑस्ट्रियन पिस्तूल उचलते, खाली ठेवते, परत उचलते. चौथ्यांदा ताई म्हणतात, "ठेव. पाणी पिऊन ये." नेम नको असेल तर न मारता खाली ठेवायला शिकणं, हे त्यांच्या मते पहिल्या महिन्याचं अर्धं शिक्षण.

सकाळी ८.१५

मुलं शाळेला पळाली. पळायच्या आधी साबणाने हात धुतलेत का, हे ताई दारात उभ्या राहून बघतात. छर्रे शिशाचे. हाताला राखाडी रंग येतो. हात न धुता डबा उघडला की बॅग घेऊन घरी.

मावशी येतात. झाडू मारायचा नाही, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसायचं. मावशींना महिना १,८००. टार्गेटमागच्या लोखंडी पेट्यांतला चपटा झालेला माल ताई स्वतः काढतात, हातमोजे घालून. एक छर्रा साधारण अर्धा ग्रॅम. किलोला दोन हजार छर्रे लागतात. वर्षाकाठी पोतं भरतं, ते भंगारात जातं. त्या पैशांत कागदाची टार्गेटं येतात.

सकाळी ९.१०

वीज गेली. दुरुस्तीसाठी अकरापर्यंत बंद, असा मेसेज कालच आला होता. खालचा प्रेस गप्प. वरचा छोटा कॉम्प्रेसरही गप्प, आणि दोन सिलिंडर अर्धे झालेत.

ताई कोपऱ्यातून हातपंप काढतात. सायकलच्या पंपासारखाच दिसतो, पण तीन टप्प्यांचा, उंच. सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा असतो. काटा शंभराच्या जरा वर आहे. दोन्ही पाय पायपट्टीवर, हात सरळ, वजन कंबरेतून खाली. दहा, वीस, तीस. नळा गरम होतो. थांबायचं, ओला रुमाल लावायचा. पन्नाशीनंतर दांडा खाली जात नाही, ताईंनाच खाली जावं लागतं. पंच्याऐंशीला काटा दोनशेवर येतो. पाठीला घाम.

"जिमची फी वाचते," त्या म्हणतात. दुसरा सिलिंडर लावतात.

एका भरणीत दीडशेच्या आसपास नेम निघतात. सिलिंडरच्या अंगावर बनल्याची तारीख कोरलेली असते. त्या तारखेपासून दहा वर्षं. नंतर तो मॅचला चालत नाही, आणि भरूही नये. नवा सिलिंडर पंधरा-वीस हजारांच्या घरात. जुनं पिस्तूल स्वस्त मिळालं म्हणून नाचणाऱ्यांना ही तारीख नंतर कळते.

सकाळी १०.३०

जिन्यावर जड पावलं. एक बाप, एक मुलगा. कागल तालुक्यातले. विहिरीवरची मोटर जळलीय, ती खालच्या गल्लीत रिवाइंडिंगला टाकली. संध्याकाळी मिळेल. तेवढ्यात हे काम उरकायचं, असा बेत.

"ताई, ह्ये आमचं थोरलं. अकरावीला हाय."

थोरलं सहा फुटांचं आहे. पंजा रुंद. नजर मात्र जमिनीवर. पॅरिसला २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून ताईंना असे फोन वाढलेत. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवलं तेव्हाही वाढले होते. फोन येतात, माणसं येतात, तीन महिन्यांनी निम्मी उरतात.

बाप खिशातून कागद काढतो. भाच्याने लिहून दिलंय. एका परदेशी कंपनीचं नाव, मॉडेल, पुढे 'इलेक्ट्रॉनिक ट्रिगर', पुढे '२ लाख'.

"ह्येच घ्यायचं. पैशाची काळजी करू नगा. ऊस गेलाय. बिल आलं की देतो."

"किती टन होतंय दोन लाख म्हणजे?" ताई सहज विचारतात.

बाप छताकडे बघतो. "तेहतीसशे धरा. साठ टन." मग थोडं थांबून, "दीड एकर."

मुलगा अजून जमिनीकडेच बघतोय.

ताई कागद घडी घालून परत देतात. "बसा. आज विकत घ्यायचं काही नाही. आज फक्त हात बघायचा."

सकाळी १०.५०

आधी डोळा. मुलाला दोन्ही तळवे पुढे करायला लावतात, मध्ये छोटं त्रिकोणी भोक. त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ. आता उजवा डोळा मीट. घड्याळ आहे? आहे. डावा मीट. "गेलं."

हात उजवा, डोळा डावा. शंभरात बरेच असे निघतात, आणि दुकानात जाऊन पिस्तूल आणणाऱ्यांना ते माहीत नसतं. आता दोन वाटा. डाव्या हाताने मारायला शिकायचं, मग मूठ डाव्या हाताची लागते, सगळं वेगळं. नाहीतर उजव्यानेच मारायचं आणि डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावायची. ३० मिलिमीटर रुंदीची पट्टी नियमात बसते. ताई मुलाला तीनदा दोन्ही हातांनी रिकामं पिस्तूल उचलायला लावतात. उजवा हात खांद्यातून सुटा येतो, डावा अडखळतो. उजवा ठरतो. जुन्या पुठ्ठ्याची पट्टी कापून टोपीला क्लिपने लावली. खर्च शून्य.

"लायसन लागतंय का ह्याला?" बाप.

"याला नाही. साडेचार मिलिमीटर, वीस ज्यूलच्या आत. पण बिल जपून ठेवायचं, आणि कुलूप घरात असायलाच पाहिजे."

"म्हातारी म्हनती, बंदूक घरात नगो."

"बरोबर म्हणत्यात. आत्ता न्यायचीच नाही घरात."

सकाळी ११.१०

वीज आली. खाली प्रेस सुरू झाला, मुलगा दचकला. ताईंनी ते पाहिलं.

टेबलावर दोन पिस्तुलं ठेवली. ऑस्ट्रियन चकचकीत, किलोच्या आतबाहेर. रशियन काळपट, सव्वा किलोच्या पुढे, मुठीचं लाकूड हातांच्या तेलाने काळं झालेलं. बापाची नजर चकचकीतवर. मुलाची कुठेच नाही.

आधी ऑस्ट्रियन. मूठ मध्यम मापाची. मुलाचा पंजा तिच्यात मावत नाही. करंगळी बाहेर लोंबते, तळहाताखालची फळी बोचते. ट्रिगर पाचशे ग्रॅमचा. नियमात किमान तेवढाच लागतो, आणि मॅच खेळणारे बरोबर तेवढाच ठेवतात. नवख्याला तो ट्रिगर आहे हेच कळत नाही. मुलाने बोट टेकवलं आणि 'ठप्प'. छर्रा टार्गेटच्या वर, लाकडी चौकटीत.

मुलाने पिस्तूल टेबलावर असं ठेवलं की जणू भाजलं.

"माझं चुकलं का?"

"नाही. माझं. हे तुला द्यायलाच नको होतं. मुद्दाम दिलं, बाबांनी बघावं म्हणून."

बाप घसा खाकरतो.

मग रशियन. ताई वजन अडकवून ट्रिगर तपासतात. नळी वर, ट्रिगरला आकडा, आकड्याला वजन. सातशे ग्रॅम. "बोटाला आधी भिंत लागली पाहिजे. पहिला टप्पा हलका, मग भिंत. भिंतीपाशी थांबायचं. तिथं तुला वाटलं तर पुढं, नाही वाटलं तर खाली ठेव."

दांडा ओढायचा, पूर्ण, मग जोर लावून बंद करायचा. प्रत्येक नेमाला. मुलाला हे काम आवडतं, लगेच दिसतं. खांदा वापरायला मिळतो. दांडा बंद होताना त्याचा श्वास आपोआप सुटतो. पुढचं काम श्वासाच्या मागोमाग येतं. सिलिंडरच्या पिस्तुलात हा थांबा नसतो. छर्रा टाकला, झाकण लावलं, तयार. घाबरलेला माणूस पंधरा मिनिटांत चाळीस झाडून मोकळा होतो आणि काहीच शिकत नाही. रशियन पिस्तूल त्याला घाई करू देत नाही. पंचवीस नेमांत हात भरून येतो.

लहान चणीच्या मुलांना मात्र ताई हे देत नाहीत. दांडा ओढण्यातच त्यांचं मनगट थकतं. त्या बारा वर्षांच्या मुलीला म्हणूनच ऑस्ट्रियन. पहिलं पिस्तूल कुठलं, याला एक उत्तर देणाऱ्या माणसाने बहुधा एकच हात पाहिलेला असतो, असं मला तिथे बसून वाटलं.

सकाळी ११.३५

टार्गेट काढून टाकलं. कोरा पांढरा कागद लावला. काळा गोल दिसला की नवखा माणूस गोलाकडे बघतो, आणि बघायचं असतं नळीच्या टोकावरच्या माशीकडे. गोलच नसेल तर हुकण्याची भीतीही नाही.

आता ताईंचा खेळ. मुलाने भिंतीकडे बघायचं, ताई पिस्तूल भरून हातात देणार. कधी हवा आणि छर्रा, कधी नुसतंच भरल्यासारखं. त्याला माहीत नाही कुठलं.

पहिलं भरलेलं. दुसरं रिकामं. रिकाम्यात 'ठप्प' नाही, फक्त 'टिक'. आणि त्या 'टिक'च्या क्षणी माशी खाली बुडालेली तिघांनीही पाहिली. धक्का नव्हताच. हाताने आधीच धक्का खाऊन टाकला होता. मुलगा पहिल्यांदा हसला, लाजून.

"बघितलंस? पिस्तूल काही करत नाही. तू करतोस."

पुन्हा. पुन्हा. दहाव्या-बाराव्या वेळी माशी जागेवर राहते. ताई काही बोलत नाहीत. पुढचं देतात.

दुपारी १२.२०

बाप मुद्द्यावर येतो. "मग इलेक्ट्रॉनिक नगो?"

ताई टोकियो सांगतात. जुलै २०२१. मनू भाकर, दहा मीटर पात्रता फेरी. मध्येच पिस्तुलात बिघाड. दुरुस्तीला मिनिटं गेली, घड्याळ चालूच. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी हुकली. तीच मनू २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आली. "इलेक्ट्रॉनिक वाईट नाही. मोठी माणसं वापरतात, त्यांच्याजवळ दुसरं तयार असतं, दुरुस्त करणारा असतो. तुमचं कागलात बंद पडलं तर?"

"मोटर तेवढी रिवाइंड करून घिऊ," बाप म्हणतो. स्वतःच हसतो.

मग ताई एका पाठकोऱ्या कागदावर लिहून देतात. चार महिने, आठवड्याला तीन दिवस, क्लबचं रशियन. फी २,५००. छर्रे महिन्याला एक डबा. बूट सपाट तळव्याचे, घोट्याच्या खाली. चार महिन्यांनी हात ठरेल, मूठ ठरेल, मग पिस्तूल. तेही मेकॅनिकल, शक्यतो वापरलेलं, लाखाच्या आत.

बाप सगळं वाचतो. शेवटी ते विचारतो, जे मनात असतं. "ह्याचे मार्क मिळत्यात न्हवं, बारावीला? आणि नोकरीला पाच टक्के?"

"मिळतात. आधी खेळून ते सर्टिफिकेट आणावं लागतं. जिल्हा, मग राज्य." राज्य म्हणजे वरळीची रेंज, कॅप्टन इझेकिएल यांच्या नावाची स्पर्धा. त्यापुढे मावळंकर. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५१ मध्ये देशाची रायफल संघटना सुरू केली. स्पर्धेला त्यांचं नाव आहे. बापाला मावळंकर ठाऊक नाहीत. वरळीचं भाडं किती, हे तो विचारतो.

जाण्यापूर्वी ताई मुलाचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ ओढतात. अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत पट्टी लावतात. आकडा बाजूला लिहितात.

दुपारी १.४५

डबा. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा. ताई खालून चहा मागवतात. दहा रुपयांचा कप. वर्कशॉपचा पोऱ्या आणतो आणि पाच मिनिटं उभा राहून रशियन पिस्तूल न्याहाळतो. "हे स्प्रिंगवर का हवेवर?" त्याला दांड्याची खीळ झिजलेली दिसते. "चार वाजता द्या, नवी टर्न करतो. पन्नास रुपये." ताई आजच देते म्हणतात. इझेव्हस्कहून सुटा भाग मागवत बसण्यापेक्षा हे बरं.

दुपारी २.२०

आजचं खरं काम आता. कपाटातून एक सुटी मूठ निघते. रशियन पिस्तुलाचीच, अक्रोडाच्या लाकडाची, कुणीतरी सोडून गेलेली. ताई तिला बाकावरच्या शिकंज्यात धरतात, जबड्यांना चामड्याचे तुकडे लावून.

पंज्याची रेघ समोर. आधी काढायचं कुठे ते बघायचं. तर्जनीच्या बाजूला लाकूड बोटाला घासतं. ट्रिगरवरचं बोट लाकडाला कुठेही लागता कामा नये. लागलं की बोट सरळ मागे न येता तिरकं येतं, आणि छर्रा बाजूला जातो. अर्धगोल कानस. छोटे छोटे हात, एकाच दिशेने. भुसा पिवळसर पडतो. थांबून अंगठा फिरवतात. परत चार हात. मग पॉलिश पेपर, आधी ऐंशी नंबर, मग दोनशेवीस.

तळहाताखालची फळी एका स्क्रूवर वरखाली होते. ती सर्वात खाली नेली. तरी मोठ्या हाताला कमी. फळी वळवून हात पकडून ठेवता येत नाही. मनगटाला आधार देणारं काहीही नियमाबाहेर. अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. ताईंकडे अशी पेटी प्लायवूडची आहे, त्यांनीच केलेली. मूठ जोडून पेटीत घालून बघतात. बसते, दोन मिलिमीटर राखून.

भर घालायची ती संध्याकाळी, हात समोर असताना.

हे सगळं काम दीड तास चाललं. त्याचे पैसे त्या वेगळे लावत नाहीत. मी विचारलं. "तयार मूठ मागवली तर बारा-पंधरा हजार. आणि तीसुद्धा घासावीच लागते. मग आधी जुन्यावर घासून बघू." हातावर बोटांच्या पेरांशी जुने घट्टे आहेत. ते पिस्तुलाचे नव्हेत, कानशीचे.

दुपारी ४.४०

इंजिनियर झालेला एक जुना विद्यार्थी येतो. बंगळुरूला नोकरी लागली. पिस्तूल विकायचंय. स्विस, मेकॅनिकल ट्रिगर, काळी पेटी, ९५ हजार. इतर विद्यार्थी असते तर गर्दी झाली असती.

ताई आधी सिलिंडर काढतात. दोन आहेत. एकावर २०१९, एकावर २०१६. म्हणजे एकाला मुदत आहे, दुसरा जवळजवळ संपला. मग सिलिंडर लावून काटा बघतात, पिस्तूल टेबलावर ठेवून चहा पितात, अर्ध्या तासाने परत काटा बघतात. हलला नाही. गळती नाही. ट्रिगरला पाचशे ग्रॅम. उचलतो. नळीच्या तोंडाशी नखाने ओरखडा तपासतात. मूठ लहान, उजव्या हाताची.

"ऐंशी," ताई म्हणतात.

"मॅडम, नव्वद तरी."

"सिलिंडरचे वजा कर. मूठ घेणाऱ्याला बदलावी लागणार."

"गिऱ्हाईक आहे का?"

"आहे. पण चार महिन्यांनी."

तो विचार करतो. ठेवून जातो की नाही, हे ठरवता ठरवता पेटी परत बंद करतो. ताई फोन उचलून कागलला कळवू शकल्या असत्या. दलालीचे चार-पाच हजारही सुटले असते. त्यांनी कळवलं नाही.

संध्याकाळी ६.१५

संध्याकाळची बॅच मोठी. नऊ जण, सहा लेन. कॉलेजची मुलं, एक निवृत्त बँक अधिकारी, एक नर्स, जिची ड्यूटी आज सकाळची होती. खाली प्रेस बंद झालाय. आता फक्त 'ठप्प' आणि कागद मागे-पुढे नेणाऱ्या मोटरची घरघर.

बापलेक परत आलेत. मोटर गाडीत आहे, ३,२०० रुपये झाले. नवी खीळ बसलेलं रशियन शेवटच्या लेनवर. ताई एम-सीलच्या दोन कांड्या तोडून मळतात, दोन्ही रंग एक होईपर्यंत. मुठीच्या मागच्या बाजूला थर देतात. त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद, कागदावर पावडर. "धर. जोरात नको. उद्या शाळेत जाताना कुणाला हात देशील तेवढा."

मुलगा धरतो. पाच मिनिटं. हात सोडल्यावर लगद्यात त्याचा तळवा उमटलेला. कडा बोटाने सारख्या केल्या. रात्रभर सुकेल, परवा पुन्हा घासायचं.

तोवर जुन्या मुठीवर दहा छर्रे. कोऱ्या कागदावर. ताई कागद जवळ आणतात. सहा छर्रे तळहाताएवढ्या जागेत, चार इकडेतिकडे. ताई सहांभोवती पेनने गोल काढतात. चारांबद्दल बोलत नाहीत.

बाप तो कागद मागून घेतो. घडी न घालता, सपाट धरून जिना उतरतो.

रात्री ८.५०

पिस्तुलं पुसली, दोरे ओवले, मोजली. चार. कपाट, दोन कुलपं. हिशेबाची वही. आज आलेले: नवी फी २,५००, छर्ऱ्यांचे दोन डबे १,५००. त्यातले आपले डब्यामागे पन्नास. गेलेले: खीळ ५०, चहा ८०, एम-सील ४५. विजेचं बिल सोमवारपर्यंत भरायचंय. टार्गेटवर किमान पंधराशे लक्स प्रकाश लागतो, त्यामुळे दिवे कमी करून बिल कमी होत नाही. एका लेनवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट बसवायचा विचार गेल्या वर्षीही वहीत लिहिला होता. तो पान उलटून पुढे उतरवला गेला.

रात्री ९.२५

शटर अर्ध्यावर असताना फोन. कागल.

"ताई, भाच्यानं सांगलीत एक बघितलंय. इलेक्ट्रॉनिक न्हाई, साधंच. साठ हजार म्हनतोय. मी हितंच उभा हाय त्याच्या घरात."

"आजच गेलात?"

"रस्त्यात हुतं म्हना." कागल आणि सांगली एका रस्त्यात नाहीत.

"सिलिंडर काढा. त्याच्यावर तारीख कोरलेली असते. वाचा."

खुडबुड. कुणीतरी बॅटरी लावतं. मागे टीव्हीचा आवाज.

"दोन हजार… चौदा."

"दुसरा?"

"दुसरा न्हाईच म्हनतोय."

"मूठ कुठल्या हाताची आहे? अंगठा कुठल्या बाजूला बसतो?"

जरा वेळ काहीच नाही. मग दबक्या आवाजात, "डाव्या हाताची."

"जेवण झालं का तुमचं?"

"व्हायचंय."

"मग घरी जावा. परवा सहाला पोराला पाठवा, मूठ घासायची आहे."

"आणि ह्येला काय सांगू?"

"सांगा, बाई नको म्हणाल्या."

बाप तिकडे कुणाला तरी तेच सांगतो, शब्द न बदलता. ताई शटर ओढतात आणि कुलूप लावून दोनदा हिसकून बघतात.